न दुखणाऱ्या कमरेचा इलाज

दिनांक १८ डिसेंबर २०२३, वार सोमवार. बुलढाणा जिल्ह्यातील एका खासगी अस्थिरोग रुग्णालयात धम्मशीला इंद्रभान हिवराळे, वय एक्केचाळीस, व्यवसाय एस.टी.च्या वाहक, राहणार पिंपळगाव राजा, यांच्या कमरेवर शस्त्रक्रिया करण्याची सर्व तयारी पूर्ण झालेली होती. बाईंची कंबर दुखत नव्हती. कंबर दुखत नाही ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या तोंडाने, पूर्ण शुद्धीवर असताना, डॉक्टरांना, परिचारिकांना, नवऱ्याला, सासूला आणि भावाला सांगितलेली होती. ती कोणीही ऐकून घेतली नाही, एवढीच तक्रार आहे. आणि ती येथे लिहून ठेवण्याचे कारण असे की अन्यत्र तिची नोंद झालेली नाही.

धम्मशीला ही सोशीक बाई नव्हती. हे आधीच सांगितलेले बरे, कारण आजारी बाईची हकीकत म्हटली की वाचणारा तिला परस्पर सोशीक ठरवून मोकळा होतो. खामगाव, पिंपळगाव राजा, मोताळा, रोहिणखेड या फेरीवर तिने बारा वर्षे घंटी मारली होती. जुन्या पासवर नवा फोटो चिकटवणारे कॉलेजकुमार, बोकड मांडीवर घेऊन 'याले कायचं तिकीट' म्हणणारे म्हातारे, बायकांना अर्धे तिकीट झाल्यापासून नवऱ्यालाही त्याच सवलतीत बसवू पाहणाऱ्या बाया, या सर्वांना ती पुरून उरली होती. तिच्या गाडीचे चालक शेषराव खेडेकर म्हणत, "ताई, तुमी पोलिसातच पाह्यजे होत्या."

"पोलिसात असती तं पहिले तुमचंच लायसन जमा केलं असतं, भाऊ," ती म्हणे, आणि दोन घंट्या मारी.

अशा बाईला त्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात उचकी लागली.

उचकी म्हणजे साधी उचकी. ती थांबेना, एवढेच. तिकीट फाडताना, पैसे मोजताना, जेवताना, आडवे झाल्यावरही तिचे अंग ठोका बसल्यासारखे उडे. त्यातच ओकाऱ्या सुरू झाल्या. पोटात काही नसताना नुसते पाणीही राहीना. गाडीतल्या लोकांना मात्र करमणूक झाली. उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढत असते, हे ज्ञान आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही असते, त्यामुळे मागच्या बाकावरून रोज कोणी ना कोणी ओरडे, "कोण आठवण करून राह्यलं वो कंडक्टरबाई?"

"तुह्यी सासू," धम्मशीला दोन उचक्यांच्या मधल्या फटीतून म्हणे. "तिकीट काढ."

घरी तिची सासू भिमाबाई यांनी हे प्रकरण अधिक पद्धतशीरपणे हाताळले. एकेका माणसाचे नाव घ्यायचे आणि पाण्याचा घोट गिळायचा. ज्या नावावर उचकी थांबेल तो आठवण काढणारा, असा त्यांचा शास्त्रार्थ. अमरावतीला होस्टेलात शिकणाऱ्या लेकीचे, प्रतीक्षाचे, नाव घेऊन झाले. मावश्या झाल्या, नणंदा झाल्या, पूर्वी बदलून गेलेले आगारप्रमुखही झाले. उचकी चालूच. मध्यंतरी नवरा इंद्रभान तिला पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. इंद्रभानचा मंडप डेकोरेशनचा धंदा. माणूस भला, पण कोणीही पांढरा कोट घातलेला दिसला की हात जोडून उभा राहणारा. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग घशातून नळी घालून जठर पाहिले, आणि जठर स्वच्छ असल्याचे आनंदाने जाहीर केले. जठर स्वच्छ असेल तर ही बाई तीन आठवडे ओकते कशाने, हा पुढचा प्रश्न त्यांच्या विषयाच्या हद्दीबाहेर होता, म्हणून त्यांनी तो विचारला नाही.

शेवटी भिमाबाई म्हणाल्या, "एक नाव तू घेऊनच नाही राह्यली."

ते नाव कोणते, हे घरात सर्वांना माहीत होते. तिचा धाकटा भाऊ प्रसेनजित पुण्याला एका कंपनीत सुपरवायझर होता. वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीच्या, दिवशी, आजारपणात त्यांना कोणी किती पाहिले यावरून दोघांची भर मंडपात जुंपली होती, आणि तो ताटावरून उठून गेला होता. त्याला दोन वर्षे होऊन गेली. फोन नाही, निरोप नाही. धम्मशीलाने त्या दिवशी दात आवळून त्याचे नाव घेतले, पाणी प्याली, आणि उचकी थांबली नाही म्हणून संतापाने थेट त्यालाच फोन लावला.

"माह्यी आठवण काढणं बंद कर बे," ती म्हणाली. "जेवू देऊन नाही राह्यला तू मले."

पलीकडे प्रसेनजित रडल्यासारखा हसला. "येते ना गं ताई आठवण," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उचकी गेली. ओकाऱ्याही गेल्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला प्रसेनजित बायकोला घेऊन पिंपळगावला आला, बहिणीच्या हातचे पोटभर जेवला, आणि भिमाबाईंनी आपल्या उपचाराची कथा आल्यागेल्याला सांगितली. अशा रीतीने ती उचकी आजारांच्या यादीतून निघाली आणि घरातल्या चांगल्या गोष्टींत जाऊन बसली. पुढे कोणी 'आधी काही दुखणे झाले होते का' असे विचारले, तर तिचे नाव निघण्याचा प्रश्नच उरला नाही.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा दुसरेच काही सुरू झाले.

वाहकाला गाडी पायांनी कळते. चालकाने गिअर टाकला, इंजिन दमले, मागचे चाक खड्ड्यात जाणार, हे सर्व पत्र्यातून तळव्यांत येते आणि अंग आपोआप तोल सावरते. एका सकाळी पिंपळगावहून गाडी निघाली आणि धम्मशीलाच्या तळव्यांत काहीच आले नाही. जणू ती गादीवर उभी होती. तिने चप्पल काढून पाहिली. शेषराव आरशातून पाहत म्हणाले, "काय झालं ताई, देऊळ आलं काय?"

त्यानंतर तिकिटाच्या मशीनने विजेचा धक्का देण्यास सुरुवात केली. मान वाकवून ती मशीनचा पडदा पाहू लागली की मानेतून पाठीत सर्रकन करंट उतरे. हे मशीनचेच काम असणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तिने आगारात तक्रार करून मशीन बदलून घेतले. दुसरे मशीनही धक्का देऊ लागले. तिसरे मागायला गेली तेव्हा तिथला कारकून म्हणाला, "बाई, बॅटरीवर चालते ते. त्याच्यानं मच्छर नाही मरत, आन तुमाले शॉक लागून राह्यला?"

"मंग काय मी खोटं बोलून राह्यली?"

"तसं नाही. पण सगळ्या मशीनी तुमच्यावरच काऊन उलटल्या?"

खरे म्हणजे हा प्रश्न अचूक होता. चुकीच्या माणसाने, चुकीच्या ठिकाणी आणि टोमणा म्हणून विचारला, त्यामुळे वाया गेला.

मग छातीखाली, बरगड्यांभोवती, कोणीतरी पट्टा आवळल्यासारखे होऊ लागले. तिने ब्लाउज उसवून सैल केला. मग एके दिवशी चालकाशेजारच्या तापलेल्या इंजिनाच्या झाकणाला नडगी टेकली, आणि घरी गेल्यावर इंद्रभानने तिथला फोड दाखवला तेव्हा तो कधी आला हे तिला सांगता येईना. लघवीलाही होईनाशी झाली होती. परंतु त्याकडे लक्ष जाण्याचे काही कारण नव्हते. रस्त्यावरच्या स्वच्छतागृहांची जी दशा आहे तीमुळे गाडीवरच्या बायका पहाटेपासून पाणीच पीत नाहीत आणि आवरून धरतात. जो आजार म्हणून ओळखला जायला हवा होता, तो या बायकांचा रोजचा नेम होऊन बसला आहे. याची लाज कोणाला वाटायला हवी, ते वाचकांनी ठरवावे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोताळ्याच्या स्टँडवर उतरताना तिचे दोन्ही पाय खालून गेले आणि ती पायरीवरून तोंडावर पडली.

आता या जिल्ह्यात पाय गेले म्हणजे 'गॅप'. मणक्यात गॅप पडला, गॅप वाढला, गॅपचे ऑपरेशन केले, असे प्रत्येक गावात चार-सहा जण असतातच आणि ते सगळे त्याच संध्याकाळी तुमच्या घरी येतात. शेषरावांनी स्वतःचा कमरेचा पट्टा आणून दिला. "या रस्त्यावर गाडी चालवून माह्ये तीन मणके खलास झाले, ताई. तुमचं तं उभ्याचं काम." भिमाबाईंच्या मते बाळंतपणात पाठीत दिलेली सुई आता बाधली होती. ती सुई वीस वर्षे कुठे दबा धरून बसली होती, असे धम्मशीलाने विचारले, त्यावर भिमाबाई म्हणाल्या, "तुह्या तोंडापुढे सुई काय, देवही नाही टिकणार."

तिच्या मनात एकच भीती होती आणि तिने ती कोणाला सांगितली नव्हती. पाय गेले तर ती घरात बसेल. घरात बसलेली धम्मशीला कशी असेल, याची तिला स्वतःलाही कल्पना करवत नव्हती.

हाडांच्या डॉक्टरांनी तिला पलंगावर झोपवून तपासलेही नाही. कमरेचा एमआरआय काढून आणायला सांगितले, तो उजेडात धरला आणि मगच विचारले, "कंबर कधीपासून दुखते?"

"कंबर नाही दुखत, साहेब. इथं आवळल्यासारखं होते." तिने बरगड्यांखालून दोन्ही हात गोल फिरवले.

"तो गॅस. कंबर?"

"कंबर नाही दुखत. पायात जीव नाही वाटत. अन् इथपासून खाली समजतच नाही काही."

"तेच ते. कमरेतूनच नसा पायात जातात." त्यांनी फोटोवर पेन ठेवला. "चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप आहे."

इंद्रभानने हात जोडले.

गॅप होता, हे खोटे नव्हते. बारा वर्षे खड्ड्यांतून उभ्याने प्रवास केलेल्या कोणत्याही माणसाच्या कमरेचा फोटो काढला तर तो निघतोच. डॉक्टरांनी स्वतःचा काढला असता तरी कदाचित निघाला असता. पण कमरेतली नस दबली तर बधिरपणा पायात येतो, तो चढून छातीपर्यंत कसा जातो, हा प्रश्न ज्याने शरीराची चित्रे पाहिली आहेत अशा कोणालाही पडायला हवा होता. तिने हात फिरवून जागा दाखवली होती. त्या हातांकडे कोणी पाहिले नाही, कारण सगळ्यांचे डोळे फोटोकडे होते.

पट्टा झाला, पायांना वजने लावून ओढणे झाले. वजने लावली तरी तिला ती समजली नाहीत. पोट फुगले आणि नळी घालून लघवी काढावी लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले की आता नसांवर दाब वाढला आहे, ऑपरेशनला उशीर नको. पुण्याहून प्रसेनजित आला. त्याच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याचे असेच ऑपरेशन होऊन तो आता क्रिकेट खेळत होता, या एका पुराव्यावर तो ठाम होता. इंद्रभानने सही केली. सोमवार ठरला.

सोमवारी सकाळी परिचारिका हिरवे कपडे आणि ट्रॉली घेऊन आली, तेव्हा धम्मशीलाने पलंगाची कड पकडली.

"मी नाही चढत."

"मावशी, सही झालेली आहे," परिचारिका म्हणाली.

"सही यायनं केली. कंबर माह्यी आहे. साहेबाले बोलाव."

डॉक्टर आले. हातमोजे घालायच्या बेतात होते. "काय अडचण आहे?"

"कंबर दुखत नाही तं कंबर कापता काऊन?"

"ताई, उशीर केला तर पाय जातील."

"पाय गेलेच आहेत. कुठून गेले, ते तं पाहा."

"ताई," प्रसेनजित दबक्या आवाजात म्हणाला, "ही काय बस आहे का? सगळे बघतायत."

"बस असती तं तुले कवाच खाली उतरवलं असतं. तू गप राह्य." तिने छातीखाली हाताची कड आडवी मारली. "इथपासून खाली मी मेलेली आहे. कंबर तं लय खाली राह्यली. मी बारा वर्ष झाले लोकायले सांगून राह्यली, जिथून चढले तिथून तिकीट लागते. तुमी मधल्याच स्टॉपवरून काऊन फाडता?"

खोलीत भूल देणाऱ्या डॉक्टर उभ्या होत्या. वयाने लहान, आतापर्यंत एक शब्द न बोललेल्या. त्यांनी तिच्या पोटावर चिमटा घेतला, मग बरगडीवर घेतला; तिला एकही समजला नाही. मग त्या सर्जनकडे न पाहता इंद्रभानला म्हणाल्या, "काका, मी आज भूल देणार नाही. यांना आधी मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना दाखवा. आजच."

'सल्ल्याविरुद्ध रुग्णास नेत आहोत' असे लिहून घेऊन त्यांना सोडण्यात आले. सल्ला कोणाचा, आणि त्याच्या विरुद्ध कोण गेले होते, याचा विचार करत रुग्णवाहिकेत प्रसेनजित वाटेत आडव्या येणाऱ्या प्रत्येक ट्रकला शिव्या देत होता.

अकोल्याच्या न्यूरॉलॉजिस्ट डॉ. पुष्पांजली राखोंडे यांनी फोटोचे पाकीट घेतले आणि न उघडता टेबलावर ठेवले. "आधी बाई पाहते," त्या म्हणाल्या. "फोटो पळून जात नाही."

त्यांनी एक बोथट सुई घेतली. "डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा."

त्यांनी तळव्यापासून सुरुवात केली. धम्मशीला गप्प. पोटरी, गुडघा, मांडी. गप्प. इंद्रभानला वाटले, ती झोपली. कंबर मागे पडली, बेंबी मागे पडली. सुई स्तनांखालच्या घडीपाशी आली आणि धम्मशीला दचकून मोठ्याने म्हणाली, "हाव!"

डॉक्टरांनी तिथे पेनाने आडवी रेघ ओढली. मग तळव्याच्या कडेने किल्लीचे टोक ओढले. पायाचा अंगठा खाली वळण्याऐवजी वर उठला. त्यांनी तिला मान वाकवायला लावली, तेव्हा करंट पाठीतून उतरला आणि तिने मशीनची हकीकत सांगितली. डॉक्टर हसल्या नाहीत.

"असं बघा," त्यांनी विचारले, "खामगावहून निघालेली गाडी रोहिणखेडला पोचली नाही. पिंपळगावलाच अडकली. तुम्ही काय कराल?"

"पिंपळगावले जाऊन पाहीन."

"तुमच्या डॉक्टरांनी रोहिणखेडच्या स्टँडचा फोटो काढला. स्टँडवर खड्डे निघाले. ते कुठंही निघतात. गाडी इथं अडकली आहे." त्यांनी रेघेच्या वरच्या भागावर बोट ठेवले. "पाठीच्या मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जाते. तिला सूज आलेली असावी. का आली, ते शोधायला हवं. डोळ्यांनी कधी अंधूक दिसलं? एका डोळ्यानं?"

"नाही."

"कधी बरेच दिवस ओकाऱ्या? न थांबणारी उचकी?"

"नाही," धम्मशीला म्हणाली. "नाही," इंद्रभान म्हणाला. दोघेही खोटे बोलत नव्हते.

प्रसेनजितच्या तोंडावर मात्र हसू आले. एवढ्या दिवसांत प्रथमच त्याच्याजवळ सांगण्यासारखी चांगली गोष्ट होती. "उचकी लागली होती, मॅडम, पोळ्याला. पण ती आजाराची नव्हती. ती माझ्यामुळे. आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. हिनं मला फोन केला आणि थांबली."

डॉ. राखोंडे यांनी पेन खाली ठेवला. "किती दिवस होती?"

"तीन आठवडे तरी."

"ओकाऱ्या?"

"होत्या. पोटाचा दुर्बिणीतून तपास केला, काही निघालं नाही."

"पोटात निघणारच नव्हतं." त्यांचा आवाज प्रथमच चढला. "मेंदू आणि मान जिथं जुळतात, तिथं उलटीचं आणि उचकीचं ठाणं आहे. या जातीचा आजार पुष्कळदा पहिल्यांदा तिथं बसतो. काही आठवड्यांत आपोआप उतरतोही. मग मज्जारज्जूवर जातो, नाहीतर डोळ्यांवर. तेव्हाच कोणी ओळखला असता, तर..."

धम्मशीलाने मान वळवून भावाकडे पाहिले. पायांपेक्षाही काहीतरी जवळचे तिच्याकडून काढून घेतले गेले होते.

"म्हणजे तू आठवण काढतच नव्हता का बे?"

प्रसेनजितचे तोंड उतरले. "काढत होतो ना," तो म्हणाला. "पण रोज नाही, ताई. खोटं कशाला सांगू."

त्याच दिवशी मानेचा, पाठीचा आणि मेंदूचा एमआरआय झाला. मज्जारज्जूच्या ऐन मध्यात, मानेच्या खालच्या मणक्यांपासून छातीच्या मध्यापर्यंत, एक लांबलचक पांढरा पट्टा उमटला होता. मेंदूच्या देठाशी, डॉक्टरांनी सांगितलेल्या ठिकाणी, पुसट डागही होता. दबलेली गादी, गाठ, क्षय, जीवनसत्त्वाची कमतरता, यांपैकी काही नाही याची एकेक करून खात्री केली गेली. पाठीतले पाणी तपासायचे ठरले, तेव्हा भिमाबाईंनी फोनवरून आकांत केला. "पाठीत सुई घेशील तं जन्माची बसशील!"

"बसलीच आहो ना, आत्याबाई," धम्मशीला म्हणाली. "आता सुईनं उठतो का, ते पाहू द्या."

रक्ताचा नमुना मुंबईला गेला. त्याचे उत्तर येण्याची वाट न पाहता शिरेतून स्टिरॉइड सुरू झाले. फरक अपुरा वाटला म्हणून रक्तातला द्रव बदलण्याचे उपचार झाले. रक्ताचा निकाल आला, त्यात त्या आजाराची खूण सापडली. नाव इंग्रजी आणि लांबलचक, अक्षरे एनएमओ. स्वतःचीच प्रतिकारशक्ती मज्जारज्जूवर आणि डोळ्यांच्या नसांवर उठते, असा त्याचा अर्थ. पहिल्या काही दिवसांत औषध पडले की बरेच काही वाचते. ते दिवस पायांना वजने लावण्यात गेले होते.

पाय आले, पण पूर्ण आले नाहीत. डावा चालतो, उजवा लाकडासारखा ओढावा लागतो. लघवीची नळी निघाली. छातीभोवतीचा पट्टा अजून आहे, फक्त सैल झाला आहे. आजार पुन्हा उठू नये म्हणून कायमचे औषध आहे. ते चुकले तर पुढच्या खेपेला डोळे जाऊ शकतात, हे डॉ. राखोंडे यांनी इंद्रभानला तीनदा सांगितले, आणि तो तिन्ही वेळा हात जोडून उभा राहिला. धम्मशीलाला गाडीवरून काढून चौकशीच्या खिडकीत बसवण्यात आले. "तिथं तुमचा आवाज कामी येईल," शेषराव म्हणाले, आणि मग डोळे पुसण्यासाठी टायर पाहायला निघून गेले.

गावात अजूनही तिला गॅपच आहे. 'गॅपचं ऑपरेशन नाही केलं, म्हणून लंगडी राह्यली,' असे लोक तिच्या अंगणात चहा पीत तिलाच सांगतात. 'आता बरी दिसते, तं गोळ्या कायले खाते,' असेही सांगतात. सुरुवातीला ती समजावीत असे. आता ती कप उचलून घेते.

उन्हाळ्यात ती काठी टेकत, पांढऱ्या पट्ट्याचा फोटो घेऊन, त्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. भांडायला नव्हे, तिला फक्त त्यांनी तो पाहावा असे वाटत होते, म्हणजे पुढच्या बाईचा वेळ वाचेल. त्यांनी फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला, आणि परत दिला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण कमरेत गॅप तर आहेच ना?"

"आहे, साहेब," धम्मशीला म्हणाली. "तो माह्या संगच जाईन. तुमी मले एकदा हात लावून पाह्यलं असतं, तं पाय नसते गेले."

त्यांनी पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले. आत आलेल्या माणसाला दोघांनी धरून आणले होते, आणि त्याच्या हातात कमरेच्या फोटोचे पाकीट होते.

वाचकांकडे मागणी एकच आहे. तुमच्या घरातल्या माणसाच्या पायांतले बळ गेले, तर फोटो काढण्याआधी डॉक्टरांना सांगा की त्याला झोपवून पायापासून मानेपर्यंत टोचून पाहा आणि बधिरपणा कोठे संपतो ती जागा आम्हाला दाखवा. लघवी होते की नाही, हे न लाजता सांगा. मागच्या वर्षभरात शरीराला जे जे झाले ते सगळे सांगा. त्यातले आजार कोणते आणि नव्हते कोणते, हे तुम्ही ठरवू नका. आणि हे सर्व होईपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नका.